कुलवृत्ताचा रकाना आणि देखरेखीचे संशोधन : स्वादुपिंडाच्या कर्करोगासंबंधी काही विचार

रुग्णपत्रिकेवर नाव, वय, गाव व व्यवसाय यांच्याखाली ‘कुलवृत्त’ असा एक रकाना असतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या पत्रिकेवर तो छापलेला असतो आणि अनेकदा तो कोराच राहतो. फार तर ‘वडिलांस मधुमेह’ किंवा ‘आईस दमा’ एवढी नोंद होते. सकाळपासून दवाखान्यासमोर रांग लागलेली असताना तीन पिढ्यांची चौकशी करणे अवघड आहे, हे मान्य करावेच लागेल. तथापि काही व्याधींच्या बाबतीत हा कोरा रकाना एका रुग्णाला नव्हे, तर संपूर्ण कुटुंबाला महाग पडू शकतो. स्वादुपिंडाचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय. या व्याधीची आनुवंशिक जोखीम असलेल्या कुटुंबांविषयी, तसेच अशा कुटुंबांनी देखरेखीच्या संशोधनात भाग घ्यावा की काय, याविषयी वैद्यवर्गाने आणि औषधालयचालकांनी कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्याधीचे स्वरूप

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असतो. तेथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही आणि आरंभी वेदनाही देत नाही. भूक मंदावणे, वजन घटणे, पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी वेदना, नव्याने उद्भवलेला मधुमेह, अशी लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. २०२२ साली जगभरात या व्याधीचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या एकमेकींच्या इतकी जवळ असावी, यातच या व्याधीची भीषणता आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच व्याधीने निधन झाले. निदान झाल्यापासून सुमारे वर्षभरच ते जगले. मुंबई, न्यूयॉर्क व दिल्ली येथील उपचार त्यांना उपलब्ध होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. उपचारांच्या कमतरतेपेक्षा निदानाच्या विलंबाने या व्याधीत अधिक हानी होते.

भारतात हा व्याधी तुलनेने विरळ आहे. आपल्याकडील कर्करोग नोंदण्यांत त्याचे प्रमाण साधारणतः लाखास एक-दोन असे आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. त्या हिशेबाने आठही तालुके मिळून वर्षाकाठी वीस ते चाळीस रुग्ण, एवढाच ढोबळ अंदाज निघतो. या रुग्णांपैकी शेकडा पाच ते दहा जणांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, असे मानले जाते. म्हणजे संपूर्ण जिल्ह्यात वर्षाला दोन-चार कुटुंबे. एखाद्या वैद्याच्या आयुष्यात अशी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकीच येतील. मग त्यांच्यासाठी एवढा विचार कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, व्याधी विरळ असल्यामुळेच कोणताही एक वैद्य, एक रुग्णालय वा एक जिल्हा त्याविषयी स्वतःच्या अनुभवावरून फारसे शिकू शकत नाही. विखुरलेल्या कुटुंबांची माहिती एकत्र आणल्यानेच येथे ज्ञान वाढते आणि संशोधनातील सहभागाचे महत्त्व याच ठिकाणी सुरू होते.

बीजदोषाचा विचार

रोग कुलपरंपरेने येऊ शकतो, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार सांगताना आदिबलप्रवृत्त व्याधींना प्रथम स्थान दिले आणि त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद केले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव यांच्या दुष्टीचा सूक्ष्म विचार आहे. चिकित्सास्थानातील प्रमेहाच्या अध्यायात, माता-पित्यांकडून बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य मानला आहे. संकरित बियाण्यांमुळे ज्याचे नाव देशभर झाले, त्या जालन्यातील शेतकऱ्याला बीजाचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘बीजभागावयव म्हणजेच जनुक’ असे समीकरण सभा-संमेलनांतून सर्रास मांडले जाते. आचार्यांची प्रतिभा मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, त्यांनी तत्त्व सांगितले, तर कोणत्या जनुकातील कोणत्या बदलाने कोणाला किती जोखीम, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांतील संशोधनाने दाखविले. स्वादुपिंडाला संहितेत नेमके कोणते नाव आहे, ‘क्लोम’ म्हणजे स्वादुपिंडच काय, यावरही आपल्यात एकमत नाही. तेव्हा ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ या समाधानात न राहता, तत्त्वाचा वारसा सांगणाऱ्यांनी तपशील शिकून घेण्यात कमीपणा मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो तपशील थोडक्यात असा. बीआरसीए-२, बीआरसीए-१, पाल्ब-२, एटीएम, सीडीकेएन-२ए, एसटीके-११ इत्यादी जनुकांतील काही बदल स्वादुपिंडाच्या कर्करोगाची जोखीम वाढवितात. यांपैकी पहिली दोन नावे स्तन व बीजकोशाच्या कर्करोगासंबंधात आपण ऐकलेली असतील. म्हणून ज्या घरात आत्याला स्तनाचा, आजीला बीजकोशाचा आणि वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेथे हे तीन व्याधी वेगळे न मानता त्यांचा एकत्रित विचार करावा लागतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकात असा बदल असल्यास प्रत्येक अपत्यात, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. जनुक न सापडताही केवळ कुलवृत्तावरून जोखीम कळते. आई-वडील, सख्खी भावंडे व अपत्ये यांपैकी दोघांना हा व्याधी झालेल्या कुटुंबांत जोखीम सर्वसामान्यांच्या सुमारे सहापट, तर तिघांना वा अधिकांना झालेल्या कुटुंबांत सुमारे तीसपट आढळली आहे. याखेरीज बालपणापासून वारंवार पोटशूळ, पुढे स्वादुपिंडात खडे व तरुणपणीच मधुमेह, असा क्रम असलेले रुग्ण भारतात दिसतात. त्यांच्यातही पुढे कर्करोगाची जोखीम वाढलेली असते.

जोखीम म्हणजे निकाल नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. बीआरसीए-२ मधील दोष असलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे पाच जणांनाच आयुष्यभरात स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, उरलेल्या पंचाण्णवांना तो होत नाही. मात्र त्याच दोषाने स्तन व बीजकोशाच्या कर्करोगाची जोखीम बरीच अधिक वाढत असल्याने त्या बाजूनेही काळजी घ्यावी लागते.

एका कुटुंबाचे उदाहरण

जगातील सर्वांत परिचित असे उदाहरण अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कुटुंबाचे आहे. त्यांचे वडील १९५३ साली, बहीण रूथ १९८३ साली, भाऊ बिली १९८८ साली आणि दुसरी बहीण ग्लोरिया १९९० साली, असे चौघे या एकाच व्याधीने गेले. मातोश्री लिलियन यांचाही अंत १९८३ साली कर्करोगानेच झाला. महाराष्ट्राशी या कुटुंबाचा एक ऋणानुबंध आहे. याच लिलियन कार्टर १९६६ ते १९६८ या काळात, वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या असताना, विक्रोळी येथील गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून सेवा करीत होत्या.

घरातील इतके मृत्यू पाहिलेल्या जिमी कार्टर यांनी स्वतःची वैद्यकीय तपासणी नियमित चालू ठेवली. २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले, ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने नव्हे. आपले वडील व भावंडे धूम्रपान करीत आणि आपण कधीही केले नाही, या फरकाचा उल्लेख त्यांनी स्वतः केलेला आहे. एका कुटुंबावरून सिद्धांत मांडता येत नाही. तरीही धूम्रपानाने या व्याधीची जोखीम सुमारे दुपटीने वाढते, तसेच आनुवंशिक स्वादुपिंडशोथ असलेल्या धूम्रपानी व्यक्तींना कर्करोग सुमारे वीस वर्षे आधी गाठतो, हे संशोधनाने दाखविले आहे. बीज बदलता येत नाही, पण निदानपरिवर्जन आपल्या हाती आहे. बिडी-सिगारेट सोडविणे हा जोखमीच्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीसाठी पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय. वैद्याचा शब्द याबाबतीत कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडू शकतो.

देखरेखीने काय साधते?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सर्वसामान्य, लक्षणरहित व्यक्तींची या कर्करोगासाठी सरसकट तपासणी करू नये, अशी अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कार्यदलाची २०१९ सालची शिफारस आहे आणि ती योग्य आहे. विरळ व्याधीसाठी सर्वांची तपासणी केल्यास लाभापेक्षा भय, खर्च व अनावश्यक शस्त्रक्रियाच वाढतील. परंतु ती शिफारस आनुवंशिक जोखमीच्या व्यक्तींना लागू नाही. त्यांच्यासाठी निराळा विचार झाला आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९८ सालापासून अशा व्यक्तींच्या देखरेखीचे संशोधन क्रमाक्रमाने चालत आले आहे. निरोगी पण जोखमीच्या व्यक्तींची दर वर्षी एमआरआय अथवा दुर्बिणीवाटे जठरात उतरवून केलेली सोनोग्राफी करावयाची आणि वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा करावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. या मालिकेचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पाचव्या टप्प्यात १,४६१ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांपैकी दहा जणांना कर्करोग झाला. त्यांतील नऊ जणांचा कर्करोग देखरेखीतच सापडला आणि या नवांपैकी सात जणांत तो पहिल्याच अवस्थेत होता. सर्व टप्प्यांचा एकत्रित विचार करता, देखरेखीत निदान झालेल्यांचे मध्यम आयुर्मान ९.८ वर्षे, तर देखरेख सोडून गेल्यावर वा तिच्याबाहेर निदान झालेल्यांचे १.५ वर्षे आढळले.

हे आकडे आशादायक आहेत, पण ते जपून वाचावयास हवेत. कर्करोग लवकर सापडला म्हणजे निदानानंतरचा काळ आपोआपच लांबलेला दिसतो. शिवाय रुग्णसंख्या थोडी आहे. त्याच पाचव्या टप्प्यात आणखी आठ जणांवर संशयास्पद बदलांमुळे स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी तिघांत गंभीर स्वरूपाचे पूर्वबदल निघाले, पाच जणांत मात्र सौम्य. म्हणजे या पाच जणांना ज्या मोठ्या शस्त्रक्रियेतून जावे लागले, ती कदाचित टळू शकली असती. देखरेखीचा लाभ आणि तिची किंमत, या दोन्ही बाजू कुटुंबापुढे मांडल्याखेरीज सल्ला पूर्ण होत नाही.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार, कुलवृत्तामुळे जोखमीत असलेल्या व्यक्तींची देखरेख वयाच्या पन्नासाव्या वर्षी, किंवा कुटुंबात सर्वांत लहान वयात ज्याला व्याधी झाला त्याच्या त्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू करावी. वडिलांना बावन्नाव्या वर्षी झाला असल्यास मुलाने बेचाळिसाव्या वर्षी तपासणीस जावे, असा त्याचा अर्थ. काही विशिष्ट जनुकांत चाळिसाव्या वर्षीच आरंभ सांगितला आहे. अशी देखरेख संशोधनाच्या चौकटीत आणि अनुभवी केंद्रातच व्हावी, यावर तज्ज्ञांचा भर आहे. सुश्रुतांनी षट्क्रियाकाल सांगताना, संचयावस्थेतच दोषाचे निर्हरण केल्यास तो पुढील अवस्थांस जात नाही, असे प्रतिपादिले. व्यक्तीभेदाची वाट पाहू नये, या त्या उपदेशाशी देखरेखीची कल्पना सुसंगतच आहे.

मराठवाड्याचा अनुभव

संशोधन म्हटले की आपल्या भागात लोकांच्या मनात दोन टोकांच्या भावना उमटतात. एक म्हणजे ‘आमच्यावर प्रयोग करतात’ ही भीती, आणि दुसरी म्हणजे ‘मोठ्या दवाखान्याने सांगितले, सही करून टाका’ ही शरणागती. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांचा विश्वास संपादन केला. त्या पायावर, टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने, १९९९ सालापासून तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे एक मोठे संशोधन झाले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली होती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूच्या डीएनए चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच संख्येच्या गटात ६४. एकाच चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे मराठवाड्यातील शेतकरी-मजूर स्त्रियांनी जगाला दाखवून दिले. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच चाचणी प्राथमिक तपासणी म्हणून शिफारस केली. ज्ञान केवळ महानगरांत निर्माण होते, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

परंतु याच संशोधनावर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला. चौथ्या गटातील ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी का केली नाही? तपासणीने लाभ होतो याची पूर्वकल्पना असताना त्यांना नेहमीच्या व्यवस्थेवर का सोडले? त्या भागात तपासणीची कोणतीच सोय नव्हती, म्हणून तुलनेसाठी असा गट योग्य होता, असे एक मत. गरिबीलाच तुलनेचे परिमाण करणे अयोग्य, असे दुसरे. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक पटते. तथापि त्यातून संशोधनच नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सहभागापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे. स्वादुपिंडाच्या वर वर्णन केलेल्या संशोधनात सर्वच सहभागींची तपासणी होते, कोणासही तपासणीविना तुलनेसाठी ठेवले जात नाही, हा फरक ध्यानात घ्यावा.

कुटुंबांचे आक्षेप

‘कळून तरी काय करणार?’ हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर वरील आकड्यांत आहे. आणखी एक गोष्ट अशी की, जनुकीय तपासणी प्रथम आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडल्यास नातेवाइकांत नेमका तोच शोधता येतो. तो न आढळणाऱ्याची त्या दोषापुरती चिंता मिटते. शिवाय बीआरसीए दोष असलेल्या रुग्णाच्या औषधयोजनेतही त्या माहितीचा उपयोग होतो. परंतु रुग्ण गेल्यावर ही संधी हातची जाते. मोठ्या रुग्णालयातून ‘आता घरी न्या’ असे सांगितलेले रुग्ण अखेरच्या काळात आपल्याकडे येतात. त्यांचे वेदनाशमन करीत असताना, ‘यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आहे काय?’ एवढा एक प्रश्न वैद्याने मुलांना विचारला, तरी पुढच्या पिढीवर मोठा उपकार होईल.

दुसरा आक्षेप सोयरिकीचा. ‘घरात दोष आहे असे भावकीत कळले, तर मुलींची लग्ने कशी व्हायची?’ ही भीती खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात अद्याप नाही, म्हणून विम्याच्या बाबतीतही काळजी रास्त ठरते. यावर उपाय म्हणजे गोपनीयता, आणि तिचा आरंभ आपल्या दवाखान्यापासून होतो. ज्या वैद्याच्या टेबलावरील कुलवृत्ताची वही कोणीही चाळू शकतो, त्याने संशोधकांकडून गोपनीयतेची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि अंतराचा. मंठा वा भोकरदन तालुक्यातील शेतकऱ्याने दर वर्षी मुंबईस जावे, हे सांगणे सोपे, करणे कठीण. म्हणूनच संशोधनात भाग घेण्यापूर्वी प्रवासखर्च, तपासणीचा खर्च, त्यातून काही निघाल्यास पुढील उपचारांची जबाबदारी, हे सर्व लेखी विचारून घ्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत माहिती मिळाली पाहिजे, तिची संमती स्वेच्छेने असली पाहिजे आणि कोणत्याही क्षणी, उपचारांत बाधा न येता, बाहेर पडण्याचा तिचा अधिकार अबाधित असला पाहिजे.

वैद्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, पोटाच्या जुनाट तक्रारी, कामला, वजनातील घट अथवा पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे तीन पिढ्यांचे कुलवृत्त लिहावे. कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला, हे तिन्ही लिहावे. ‘पोटात गाठ होती’ या उत्तरावर न थांबता जुने कागद पाहावेत. मातृकुलाची चौकशी पितृकुलाइतकीच करावी.

दुसरी गोष्ट, पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांपैकी सुमारे एका व्यक्तीत तीन वर्षांच्या आत हा कर्करोग आढळतो. त्यातही वजन घटत असेल आणि कुलवृत्त असेल, तर केवळ प्रमेहघ्न चिकित्सेवर विसंबू नये. कामला, कंडू आणि तिळाच्या पिठासारखा मल, हे शाखाश्रित कामलेचे चित्र आपण चरकसंहितेतून शिकलो आहोत. मार्गावरोध कशाने झाला, हे पाहण्यासाठी आज सोनोग्राफी व सीटी स्कॅन उपलब्ध आहे. उतारवयातील वेदनारहित कामलेला ‘काविळीचे औषध’ देऊन तीन आठवडे थांबविणे आता समर्थनीय नाही.

तिसरी गोष्ट, जोखमीच्या कुटुंबास जनुकीय समुपदेशनासाठी पाठवावे. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा स्वतंत्र विभाग आहे. देखरेखीच्या संशोधनाविषयीची चौकशी तेथेच करावी. घरपोच लाळ तपासून भविष्य सांगणाऱ्या जाहिरातींपासून मात्र कुटुंबांना सावध करावे. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेले बदल आपल्या लोकांत वारंवार निघतात, कारण संदर्भासाठी वापरली जाणारी माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपल्या कुटुंबांनी संशोधनात भाग घेण्याचे हेही एक सबळ कारण आहे. ज्यांची नोंदच नाही, त्यांच्यासाठी निष्कर्ष कोठून निघणार?

चौथी गोष्ट, सहभागी व्यक्ती आपल्याकडून घेत असलेली चूर्णे, काढे, रसौषधी यांची यादी तिने संशोधकांना द्यावी, असे आपणच सांगावे, आणि ती यादी स्वहस्ते लिहून द्यावी. औषधे लपविल्यास निष्कर्ष दूषित होतात, आणि ऊतीचा नमुना घेताना रक्तस्रावाचा धोकाही उद्भवू शकतो.

औषधालयचालकांस विनंती

वैद्यापूर्वी रुग्ण अनेकदा औषधालयाच्या पायरीशी येतो. तोच ग्राहक महिनोन्महिने पाचक चूर्ण आणि शूलनाशक वटी नेत असेल, त्याचे कपडे अंगावर सैल झालेले दिसत असतील, तर पुढची डबी देण्यापूर्वी ‘एकदा तपासून घ्या’ असे सांगणे हे व्यवसायाच्या विरुद्ध नव्हे, व्यवसायाची प्रतिष्ठा वाढविणारे आहे.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. आनुवंशिक जोखमीचे ज्ञान जसजसे पसरेल, तसतसे भयभीत आणि निरोगी ग्राहक निर्माण होतील. ‘कुलज कर्करोगापासून संरक्षण देणारे रसायन’ असे लेबल लावून त्यांना काहीही विकता येईल, आणि पुढील वीस वर्षे ते खोटे ठरणारही नाही, कारण शंभरांपैकी पंचाण्णवांना तो व्याधी तसाही होणार नसतो. हा मोह ओळखून दूर ठेवला पाहिजे. १९५४ च्या औषधी व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश असून त्यावरील उपचाराची वा प्रतिबंधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. पण कायद्याचे भय हे दुय्यम कारण होय. खरे कारण असे की, रसायन घेत असल्याच्या समाधानात एखाद्याने देखरेख सोडली, तर त्या डबीने त्याच्या आयुष्यातील मोलाची वर्षे घेतली, असेच म्हणावे लागेल. हळदीतील कर्क्युमिनचा प्रयोग स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगात अमेरिकेत झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २५ रुग्णांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला. एवढ्यावरून प्रतिबंधाचा दावा करणे शास्त्रास धरून नाही. आपली द्रव्ये उपयुक्त ठरावीत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ती विधिवत संशोधनात उतरवावीत.

समारोप

आपल्या संघटनेपुढे एक सूचना ठेवून हा लेख पूर्ण करतो. जिल्हा शाखेने तीन पिढ्यांच्या कुलवृत्ताचा एक साधा मराठी तक्ता तयार करून सर्व सभासदांस द्यावा, त्यातील माहितीच्या गोपनीयतेचे नियम ठरवावेत, आणि कर्करोगाच्या आनुवंशिकतेतील तज्ज्ञांना एका मासिक सभेत पाचारण करून कोणत्या कुटुंबास कोठे पाठवावे, हे निश्चित करून घ्यावे. यासाठी मोठ्या निधीची वा इमारतीची गरज नाही. संशोधनात भाग घ्यावा की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या कुटुंबाचा. आपण त्यांना ढकलू नये आणि अडवूही नये. मात्र हा निर्णय त्यांना पूर्ण माहितीनिशी आणि वेळेवर घेता यावा, ही जबाबदारी त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे त्या वैद्याची आहे. जालना जिल्ह्यात वर्षाला दोन-चारच अशी कुटुंबे असतील. परंतु त्या घरांतील मुलांसाठी वडिलांच्या वयाचे वर्ष गाठणे म्हणजे काय असते, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा, एवढीच विनंती.